मुक्या मालिकेतलं माहेर

परवा संध्याकाळी शेजारच्या फ्लॅटमधल्या बाई दारात उभ्या. हातात वाटी नव्हती, म्हणजे विरजण मागायला आलेल्या नव्हत्या. चेहरा असा, की घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलंय. म्हणाल्या, "आमच्याकडे दहावी आहे हो यंदा. तुमच्या टीव्हीचा आवाज जरा..." पुढचं बोलायची त्यांना गरजच पडली नाही. एरवी माझं एक ऐकत नाही ती माझी आई, तिने मुकाट्याने रिमोट उचलला आणि आवाज पार बंद करून टाकला. वर त्यांनाच विचारलं, पेपर कधी सुरू होतात, पोराला डोक्याला तेल लावता की नाही. बाई खूश होऊन गेल्या. आई मुक्या टीव्हीसमोर तशीच बसून राहिली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "आवाज नसला ना, की जास्त कळतं."

हे वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण माझ्या आईने जवळजवळ एक आख्खी इंग्रजी मालिका अशी बिनआवाजाची पाहिलेली आहे. नुसती पाहिली नाही, जगली आहे.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. तेव्हा आम्ही नाशकात, सातपूरला कॉलनीत राहायचो. पप्पा कारखान्यात, तीन पाळ्या. आठवड्याला त्यांची झोप बदलायची आणि त्यांच्याबरोबर आमच्या घराचं घड्याळही. कपड्यांना मशिनच्या तेलाचा वास असायचा, तो किती धुतला तरी जायचा नाही, आणि खरं सांगू, गेला असता तर मला करमलं नसतं. फेब्रुवारी संपत आला की नाशकात एक मजेशीर हवा पडते. सकाळी स्वेटर, दुपारी पंखा. रस्त्याने द्राक्षांच्या क्रेटनी भरलेले टेम्पो पळत असतात आणि हवेत सगळीकडे गोडसर आंबूस वास. लोकांना तो वास आला की द्राक्षं आठवतात. मला अजून बीजगणित आठवतं.

त्या वर्षी आमच्याकडे दहावी होती. 'मी दहावीत होते' असं कुणी म्हणत नसे. 'घरात दहावी आहे', असं म्हणायचे, घरात टायफॉइड आहे म्हणावं तसं. आणि या दुखण्यावर पहिला उपाय ठरलेला: केबल काढायची. पूर्वपरीक्षेत गणिताने मला दिवसा तारे दाखवले, त्याच संध्याकाळी पप्पांनी केबलवाल्याला बोलावलं. त्याने वायर ओढून गुंडाळली आणि गॅलरीच्या खिळ्याला टांगून ठेवली. टीव्हीवर आईने आपल्या हातचं क्रोशाचं कव्हर घातलं. पप्पा म्हणाले, "आता बघू कसे मार्क पडत नाहीत." आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे त्यांना कोण सांगणार?

मला टीव्ही गेल्याचं फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते आईला. पण ते तिला बोलता येईना. पोरीची दहावी आणि आईला मालिका बघायची आहे, असं कुठल्या तोंडाने म्हणणार? कॉलनीने वाळीत टाकलं असतं.

मालिका पण साधी नव्हती. सासू-सुना नाहीत, देवबीव नाहीत. दर मंगळवारी संध्याकाळी लागायची, कुठल्याशा परदेशी चॅनलवर, आणि अख्खी इंग्रजीत. एक केस कापलेली बाई होती. ती एका खुर्चीत बसायची, डोक्यावर वायरी लोंबणारं काळं हेल्मेट चढवायची, हातात मोजे घालायची, आणि डोळे मिटले की कॉम्प्युटरने तयार केलेल्या दुसऱ्याच जगात पोचायची. तिथे समुद्र, बाजार, घरं, माणसं, सगळं होतं आणि काहीच नव्हतं. आज मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, पोरांना 'व्हर्च्युअल रिॲलिटी' असा शब्द फळ्यावर लिहून देते. तेव्हा मात्र हा शब्द उच्चारायची आमच्या बिल्डिंगीत कुणाची टाप नव्हती. सगळे त्या मालिकेला 'हेल्मेटवाली' म्हणायचे. सगळे म्हणजे तरी किती, दोन घरं. एक आमचं आणि दुसरं समोरच्या शिरीन भाभींचं.

भाभींचे मिस्टर पप्पांच्याच कारखान्यात. भाभी स्वतः इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीत शिकवायच्या, त्यामुळे ती मालिका त्यांना खरोखर कळायची. आईने सुरुवातीचे दोन-तीन भाग आवाजासकट पाहिले होते आणि तिला ओ की ठो कळलं नव्हतं. तरी मंगळवारी तिच्या पोळ्या लवकर व्हायच्या. का आवडली होती तिला ती मालिका? मी बरेच दिवस समजायचे, ते चकचकीत सेट, ते दिवे. मी मूर्ख होते.

आमची बिल्डिंग अशी होती की मधे एक अरुंद चौक आणि दोन्ही बाजूंना घरं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोब्बर भाभींच्या बाहेरच्या खोलीसमोर यायची. आणि भाभींचा टीव्ही शोकेसमध्ये, तोंड आमच्याकडे. केबल गेल्यानंतरचा पहिला मंगळवार. मी टेबलावर भूमितीचं प्रमेय घोकत बसलेली. आई खिडकीशी तांदूळ निवडायला बसली. नाशकात इतके खडे तांदळात कधीपासून यायला लागले, असा मला प्रश्न पडला, कारण ती उठेचना. डोकावून पाहिलं तर समोर हेल्मेटवाली चालू. पण आवाज नाही. माझ्या दहावीसाठी भाभींनी आपण होऊन तो पार बारीक केला होता. त्या बिचाऱ्या स्वतः टीव्हीला कान लावून ऐकत होत्या.

अख्खी बिल्डिंगच त्या दिवसांत माझ्यासाठी हळू बोलायची. वरच्या काकू मिक्सर सोडून खलबत्त्यात चटणी करायच्या, तो तर जास्त वाजायचा, पण भावना महत्त्वाची. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडी उघडल्या, रंगाच्या त्या हौदांत लोक धबाधब उड्या मारत होते आणि आमच्या जिन्यात पोरं एकमेकांना "शूऽऽ, दहावी" करत रंग लावत होती. इतकं प्रेम मला त्यानंतर माझ्या लग्नातसुद्धा मिळालं नाही.

तर आई अशी मुकी मालिका बघायची आणि जेवताना मला तिची गोष्ट सांगायची. पप्पा दुसऱ्या पाळीला असले की आम्ही दोघीच.

"आज ती पुन्हा गेली," आई वाढता वाढता म्हणायची.

"कुठे?"

"माहेरी."

मी हातातला घास तसाच धरून बघत राहायचे. आईच्या हिशेबी सगळं स्वच्छ होतं. हेल्मेट घातलं की ती बाई माहेरी जाते. भोवती पांढरे कोट घालून उभी असतात ती सासरची माणसं. जाऊ नको म्हणतात, गेलीस तर लवकर ये म्हणतात. चष्मेवाला सारखं घड्याळ बघतो तो नवरा. आणि जरा ती तिकडे रमली, की कुणीतरी बटण दाबून तिला ओढून परत आणतं. "बघ ना," आई कळवळून म्हणायची, "पाय पण धुऊ दिले नाहीत तिला. आली, बसली, की लगेच ओढली."

"आई, ती शास्त्रज्ञ आहे. ते प्रयोग करतायत."

"असेल. शास्त्रज्ञ बाईला माहेर नसतं का?"

भाभींना आई सकाळी पाणी भरताना चौकातल्या नळावर विचारायची आणि भाभी आदल्या दिवशीची गोष्ट सांगायच्या. भाभींची गोष्ट वेगळीच निघायची. त्यात कंपनी होती, चोरलेली माहिती होती, कटकारस्थानं होती. आई शांतपणे ऐकून घ्यायची, हो हो म्हणायची आणि संध्याकाळी आपलीच गोष्ट पुढे चालवायची.

आता हे सांगायला हवं की माझ्या आईला माहेर होतं, पण सहा वर्षं ती तिकडे फिरकली नव्हती. सटाण्याच्या पुढे तिचं गाव. घरी तिचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणायचे, आणि भाऊ, म्हणजे माझा मामा. मी चौथीत असताना आबा गेले. आठवडाभर तापाने अंथरुणात होते आणि आईला कुणी कळवलं नाही. कळवलं ते गेल्यावर. फोन आला पप्पांच्या कारखान्यात, तो निरोप घरी येईपर्यंत दुपार झाली, मला भाभींकडे ठेवून आई-पप्पा एसटीने निघाले. गावाच्या वेशीत उतरली तेव्हा आईला नदीकाठी धूर दिसला. उन्हाळ्याचे दिवस, ठेवता येत नव्हतं, हे ती समजून घेऊ शकली असती. पण आठवडाभर बाप आजारी आणि लेकीला पत्ता नाही? तिने सगळ्या भावकीसमोर मामाला नाही नाही ते सुनावलं. मामा मान खाली घालून उभा राहिला, एका शब्दाने बोलला नाही. दिवसकार्य झालं आणि आई परत आली ती कायमची.

मामा दर भाऊबीजेला सातपूरला यायचा. आई त्याला ओवाळायची, पुरणपोळी वाढायची, तूप वाढायची आणि बोलायची नाही. बसून बसून मामा शेवटी पप्पांशी कांद्याच्या भावाबद्दल बोलायचा. द्राक्षांच्या दिवसांत तो एसटीच्या कंडक्टरजवळ पेटी पाठवायचा. मी सीबीएसच्या एसटी स्टँडवर जाऊन ती घेऊन यायचे. त्या दहावीच्या वर्षीही पेटी आली. आईने सगळ्या बिल्डिंगीला वाटली, स्वतः एक मणी तोंडात टाकला नाही. माझी आई प्रेमळ आहे, पण राग धरायचा म्हटला तर दगडासारखा धरते. मी तिच्यावरच गेले आहे, असं माझा नवरा म्हणतो. म्हणू दे.

पेपर सुरू झाले. मराठी झाला, इंग्रजी झाला. आणि त्या मंगळवारी हेल्मेटवाली एका पिवळ्या घराशी पोचली. कौलारू घर, पुढे अंगण, अंगणात झाड आणि झाडाखाली खुर्चीत एक म्हातारा. बाई त्याच्या पायाशी जमिनीवर बसली. दोघं बोलत राहिले. बराच वेळ काही घडलंच नाही, नुसते दोघं बोलतायत. आई तांदळाचं ताट मांडीवर घेऊन इतकी निश्चल बसली होती, की मी पुस्तक मिटून तिच्याकडेच बघत राहिले.

"भेटले," आई म्हणाली. "वडील भेटले तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात बादली भरताना भाभी हसू दाबत म्हणाल्या, "मालतीताई, तो म्हातारा व्हिलन आहे हो. खराखुरा नाहीच तो. तिच्याच आठवणीतून कॉम्प्युटरने बनवलाय, तिला तिथे अडकवून ठेवायला. ती आता परत येणार नाही बघा."

आईची बादली भरून वाहायला लागली. नळ बंद करायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. मग ती हळूच म्हणाली, "खोटा असू दे. बसून बोलला ना तिच्याशी."

भाभींचं हसू विरलं. आबांचं सगळं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी हात लांब करून आमचा नळ बंद केला आणि दोघी आपापल्या घरात गेल्या.

त्या आठवड्यात आई मंगळवारची वाट बघत होती, हे घरातल्या भांड्यांनासुद्धा कळत होतं. ती बाई परत येते का? येणार असली तर त्या म्हाताऱ्याला सोडून कशी येते? माझा विज्ञानाचा पेपर होता, तिला त्याची तेवढी काळजी नव्हती. मंगळवार उजाडला, संध्याकाळ झाली, ताट घेऊन आई खिडकीत बसली. आणि समोर हेल्मेटवालीच्या जागी पोट कमी करायचा पट्टा विकणारा एक दांडगा माणूस. पुढच्या मंगळवारीही तोच, तोच पट्टा. भाभींनी केबलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "बंद केली ती वरूनच. कोणी बघतच नव्हतं."

"मी बघत होते की," आई म्हणाली.

मी तेव्हा हसले होते. आता हसवत नाही. जगात कुठेतरी एका ऑफिसात आकडे बघून कुणीतरी ठरवलं असेल की ही मालिका कुणी बघत नाही, आणि सातपूरला एक बाई तांदळाच्या ताटात बोटं घालून बसली होती. तिला कोण मोजणार?

दोन दिवस आमच्या वरणाला मीठ नव्हतं. तिसऱ्या दिवशी पप्पा पहिल्या पाळीहून आले, चहा घेत होते, तेव्हा ती म्हणाली, "असं मधेच बंद पडतं सगळं. आधी सांगत पण नाहीत." पप्पांना वाटलं गॅसची शेगडी. ते उठून बघायला लागले. "हिचा भूगोल झाला की मी गावाला जाऊन येते," आई म्हणाली. पप्पा शेगडीचं बटण हातात घेऊन उभेच राहिले.

दोन हजार सालानंतर, घरी इंटरनेट आल्यावर मी हौसेने ती मालिका शोधली. सापडली. परदेशातल्या कुणा वेड्याने तिच्यावर पान केलं होतं. थोडेच भाग झाले होते, त्यातले शेवटचे आपल्याकडे दाखवलेच नव्हते. त्या पानावर शेवट लिहिलेला होता. मी आईला हाक मारली, म्हटलं, तुझ्या हेल्मेटवालीचं पुढे काय झालं ते इथे आहे, वाचून दाखवू? आई कणीक मळत होती. "नको," म्हणाली. "मी लावलाय तिचा शेवट." मी ते पान न वाचताच बंद केलं. तिने तो कुठे लावला ते मला माहीत आहे, मी तिथे होते.

भूगोलाच्या पेपरच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी सटाण्याच्या गाडीत बसलो. चांदवड गेलं, देवळा मागे पडलं, तसतशी आईची भाषा बदलायला लागली. नाशकात ती अगदी शुद्ध बोलायची, सुरुवातीला कॉलनीतल्या बायका तिच्या अहिराणीला हसल्या होत्या म्हणून. पण देवळ्याला गाडीत चढलेल्या एका म्हातारीशी ती अशी काही बोलायला लागली की मी बघतच राहिले. आवाज चढा, हातवारे मोठे, हसणं वेगळं. ही बाई मी आमच्या घरात कधी पाहिलीच नव्हती.

घरी मामा ओट्यावर बसला होता. आम्हाला बघून उठला आणि त्याला काय करावं ते सुचेना, म्हणून त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली. "कशी शे मालू?" एवढंच म्हणाला. मामीने पाणी आणलं. आई ओट्यावर बसली, आबा बसायचे त्या जागेकडे थोडा वेळ बघत राहिली, आणि मग बांध फुटावा तसं बोलली. भांडली नाही. म्हणाली, त्या आठवड्यात काय काय झालं ते मला सगळं सांग. काय खात होते, कुठे झोपत होते, कुणाचं नाव घेत होते. सहा वर्षांत तिने हे कधी विचारलंच नव्हतं.

मामा सांगायला लागला. ताप कसा चढला, डॉक्टर कसा म्हणाला साधा आहे, भाताच्या पेजेचे कसे दोनच घोट घ्यायचे. आई डोळे मिटून ऐकत होती. मधेच म्हणायची, खाट पडवीत घातली होती ना? मामा म्हणायचा, नाही, आत, वारं लागायला नको म्हणून. मग ती मान हलवायची आणि खाट आत घ्यायची. मला स्पष्ट दिसत होतं, ती तिथे पोचली होती.

"आणि मला का नाही बोलावलं?" आई शेवटी म्हणाली.

मामाने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "आबा म्हने, पोरनी परीक्षा शे. ती होऊ दे, मंग मालूले बलाव. मी थांबनू. आबा थांबना नही."

माझी स्कॉलरशिपची परीक्षा. चौथीची. आबांना तिचं कोण कौतुक, गावभर सांगत सुटले होते की नात मोठ्या परीक्षेला बसली आहे. त्या आजारातसुद्धा त्यांनी माझ्यासाठी सगळ्यांना गप्प बसवलं होतं.

"मंग माले सांगं काबर नही?" आईचा आवाज फाटला.

"तू इचारं कव्हय?" मामा म्हणाला. खरंच, तिने विचारलं होतंच कधी? मेलेल्या बापावर ढकलायचं नव्हतं त्याला, आणि एवढ्याशा पोरीच्या परीक्षेवर तर नाहीच. म्हणून त्याने सहा वर्षं बहिणीचा अबोला खाल्ला, पुरणपोळीबरोबर.

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग माझ्याकडे वळली. "संगे, त्या परीक्षेत काय झालं होतं गं तुझं?"

त्या गडबडीत निकाल कुणी विचारलाच नव्हता. मीही सांगितला नव्हता. आता सांगणं भाग होतं.

"नापास," मी म्हटलं. "गणितात."

आधी मामाच्या खांद्याला झटका बसला. मग आईने पदर तोंडात कोंबला, पण उपयोग झाला नाही. दोघं हसायला लागली, हसता हसता आई मामाच्या गुडघ्यावर डोकं टेकवून रडायला लागली आणि रडता रडता पुन्हा हसायला लागली. आतून मामी धावत आली, काय झालं, काय झालं विचारत राहिली, आणि दोघांपैकी कुणालाच तिला सांगता येईना.